गावात लाकूडकोरीव कामाचा वर्ग: कोकणातल्या लाकडापासून पहिल्या कोयरीपर्यंत

हाताने कोरलेलं लाकूड कोकणात आजही जागोजागी बघायला मिळतं. कशेळीच्या कनकादित्य मंदिरात मान वर केली की छतावरचं काम दिसतं. आडिवऱ्याला महाकालीच्या आवारातल्या नगरेश्वराच्या देवळातही तसंच. जुन्या घरांच्या चौकटीवर गणेशपट्टी असते, माजघरात नक्षीचा देव्हारा असतो. बघायला एवढं असून शिकायला मात्र जागा सापडत नाही, कारण ज्यांच्या हातात ही कला आहे त्यांच्याकडे शिकवायला सवड आणि खोली दोन्ही नसतात. गावातल्या सात-आठ जणांनी मिळून मंडळ काढलं, एका जाणत्या सुताराला मानधन देऊन बोलावलं आणि आठवड्यातली एक दुपार राखली, तर हे जमण्यासारखं आहे.

असे वर्ग सुरू होतात उत्साहात आणि दोन-तीन महिन्यांत थंडावतात. शिकवणारा चांगला असतो, शिकणारे मनापासून येतात. दगा देतात त्या बोथट पटाश्या आणि ओलं लाकूड. धार नसलेल्या पटाशीने लाकूड कापलं जात नाही, ते चिरडतं. मग जोर लावावा लागतो, हात दुखतो, पटाशी निसटते आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्या हातात कलाच नाही. म्हणून या लेखात लाकूड आणि धार यांनाच जास्त जागा दिली आहे. बाकीच्या गोष्टी गावकरी नेहमीच्या समजुतीने निभावून नेतात.

वर्ग कधी बसवायचा

कोकणात वर्षाचं गणित शेती, सण आणि आंबा ठरवतात. खंडेनवमीला सुतार आपल्या हत्यारांची पूजा करतात. मंडळाचा आरंभ करायला याहून चांगला दिवस नाही. पण त्या सुमारास भातकापणी अंगावर असते, त्यामुळे नियमित वर्ग दिवाळीनंतरच धरावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, लाकूड शांत असतं आणि माणसंही मोकळी असतात. वर्षाचं खरं शिक्षण या चार महिन्यांत उरकतं. मग शिमगा येतो, पाठोपाठ काजू आणि आंबा. मार्च ते मे मोठ्यांच्या वर्गाची अपेक्षा ठेवू नये. मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं गावी येतात, त्यांच्यासाठी चार दिवसांचं शिबिर मात्र जरूर घ्यावं. लावणी आटोपली की श्रावणात रेखाटन आणि धार लावणं एवढंच ठेवावं.

नोंदणीची घाई नको. पैसे, देणग्या, शासकीय मदत यांचा विषय निघाला की 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली मंडळ नोंदवता येतं. त्याला किमान सात सभासद लागतात.

जागा

शाळेची रिकामी खोली, देवळाची धर्मशाळा, कुणाच्या घराची पडवी, काहीही चालतं. उजेड मात्र एका बाजूने यायला हवा. कोरीव काम सावलीवर दिसतं. डोक्यावर ट्यूबलाईट लावली की उंचसखलपणा नाहीसा होतो आणि शिकणाऱ्याला आपण किती खोल गेलो हेच कळत नाही. खिडकीला समांतर टेबल मांडा, ढगाळ दिवसासाठी बाजूला टेकवता येईल असा एखादा दिवा ठेवा.

उभं राहून कोरायचं असेल तर टेबल साधारण कोपराच्या उंचीचं हवं. जेवणाचं टेबल फार बुटकं पडतं, तासाभरात पाठ बोलायला लागते. आपले जुने कारागीर जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून धरून कोरतात. ज्यांना ती बैठक जमते त्यांना ती करू द्यावी, पण नवख्याच्या पायाजवळ पटाशी नको. नवख्याचं लाकूड नेहमी सी-क्लॅम्पने टेबलाला आवळलेलं असावं. क्लॅम्प कमी असतील तर टेबलावर तीन बाजूंनी पट्ट्या ठोकून त्यात फळी बसवता येते.

एका शिकवणाऱ्यामागे आठच शिकणारे घ्या. त्याहून जास्त हातांवर नजर राहत नाही.

लाकूड

बाहेरून महागडं लाकूड मागवायची गरज नाही. आपल्या आवारात जे वाढतं त्यातच शिकण्याजोगं बरंच आहे, फक्त कुठलं कशासाठी ते कळायला हवं.

पांगारा सगळ्यात मऊ आणि हलका. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी आणि फळं पूर्वी याच लाकडात घडत. धारेच्या पहिल्या दोन वर्गांना आणि मुलांना पांगारा द्यावा. मात्र त्यात बारीक नक्षी टिकत नाही, कडा दबतात. बोथट हत्यार पांगाऱ्यात लगेच उघडं पडतं, म्हणून धार तपासायलाही त्याचा तुकडा जवळ असावा.

शिवण ही माझी पहिली पसंती. फिकट पिवळसर रंग, हलकं वजन, पटाशीखाली गुळगुळीत कापलं जाणारं अंग. शिवाय वाळल्यावर ते फारसं आकसत नाही की वाकत नाही. उठावाचं काम, म्हणजे भोवतालचं लाकूड खाली नेऊन आकृती वर उठवणं, शिकायला शिवणीइतकं समजूतदार लाकूड आपल्या भागात नाही.

फणसाचा गाभा पिवळाधमक असतो आणि वर्षागणिक तपकिरी होत जातो. देव्हारा, चौरंग, गणेशपट्टी अशा टिकाऊ कामाला तो उत्तम. पण त्याचा धागा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, काही ठिकाणी उलटसुलट जातो, म्हणून तो दुसऱ्या वर्षाच्या मुलांना द्यावा. आंबा स्वस्त आणि मुबलक, पण कापून तसाच ठेवला तर निळे-काळे डाग पडतात आणि भुंगा लागतो. सागवानाबद्दल सगळ्यांना ओढ असते. काम देखणं होतं हे खरं, मात्र सागात वाळूसारखा सिलिका असतो आणि तो धार पटकन खातो. ज्याला अजून धार लावता येत नाही त्याच्या हातात साग देऊ नये.

झाड तोडण्यापूर्वी कायदा बघा. महाराष्ट्रातल्या 1964 च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, हळदू, खैर, चिंच अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते. मंडळाने उभं झाड तोडण्याच्या भानगडीत पडूच नये. वादळवाऱ्यात पडलेली झाडं, मोडलेल्या घरांचे वासे, जुन्या खिडक्यांच्या चौकटी यांतून वर्गापुरतं लाकूड मिळतं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आणि पुढच्या वर्षी मे महिन्यातल्या तौक्तेत किनाऱ्यावर बागाच्या बागा आडव्या झाल्या आणि कितीतरी चांगलं लाकूड सरपणात गेलं. पडलेलं झाडही उचलण्याआधी मालकाला आणि वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावं. जुन्या वाश्यात मोडके खिळे असतात. पटाशी लावण्याआधी चुंबक फिरवून पाहा.

आता वाळवण. फळ्या चिरून आणल्या की पहिल्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा. लाकूड टोकांकडून फार भराभर वाळतं आणि तिथूनच भेगा आत जातात. मग सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रास रचा. कोकणात सुतार इंचभर जाडीला एक वर्ष धरतात, ते बरोबर आहे. पण आपल्याकडे त्यातले चार महिने पावसाचे असल्याने नुसत्या महिन्यांच्या हिशोबावर विसंबू नये. राशीतली एक फळी निवडून तिच्यावर खूण करा आणि दर आठवड्याला किराणा दुकानातल्या काट्यावर तिचं वजन करून भिंतीवरच्या कागदावर मांडा. वजन उतरत उतरत एका आकड्यावर थांबलं की लाकूड तिथल्या हवेपुरतं वाळलं. हा कागद शिकणाऱ्यांनाच भरायला द्यावा. लाकूड श्वास घेतं हे त्यांना त्यावरून आपोआप समजतं.

आंबा, पांगारा आणि रबराच्या लाकडाला भुंग्यापासून जपायला एक भाग बोरिक ऍसिड आणि दीड भाग बोरॅक्स यांचं मिश्रण 10 लिटर पाण्यात अर्धा किलो या प्रमाणात विरघळवून त्यात चिरलेल्या ओल्या फळ्या बुडवून ठेवतात. ज्यापासून चमचे, डाव किंवा ताटल्या करायच्या त्या लाकडाला हे लावू नये.

हत्यारं आणि धार

बाजारात बारा पटाश्यांचा स्वस्त संच मिळतो. तो घेऊ नका. त्यातल्या निम्म्यांचं पोलाद नरम असतं आणि निम्म्या कधीच हातात येत नाहीत. माणशी पाच हत्यारं पुरतात: 12 मिलिमीटरची सपाट पटाशी, 3 नंबरची रुंद उथळ गोल पटाशी, 5 नंबरची मध्यम, 8 किंवा 9 नंबरची खोलगट आणि 6 मिलिमीटरची व्ही आकाराची. गोल पटाशीवरचा नंबर गोलाईचा असतो. नंबर वाढत जाईल तशी गोलाई खोल होते, 11 नंबरची जवळजवळ यू आकाराची असते. सोबत लाकडी मोगरी हवी. लोखंडी हातोड्याने पटाशीच्या मुठी फुटतात.

ओळखीचा लोहार असेल तर जुन्या कानशीपासून किंवा गाडीच्या कमानपट्ट्यापासून गोल पटाशी घडवून घेता येते, आणि ती पुष्कळदा विकतच्यापेक्षा सरस निघते. ग्राइंडरवर घासताना एकच पथ्य: टोक निळं पडू द्यायचं नाही. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, मग तिथे धार टिकत नाही. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत घासावं.

पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग फक्त धारेचा. कोरायला न मिळाल्याने काही जण कुरकुरतील, तरीही यात सूट देऊ नये.

धारेचा उतार मऊ लाकडासाठी 20 ते 25 अंश, फणस-सागासाठी थोडा जास्त. उतारावर काळ्या मार्करने रंग द्या. पटाशी 1000 नंबरच्या पाण्याच्या दगडावर टेकवा आणि एकदा घासून बघा. रंग मागच्या बाजूने गेला असेल तर हात फार खाली आहे, नुसता काठावरून गेला असेल तर फार वर. सगळीकडून सारखा गेला की तो कोन मनगटात धरून ठेवायचा. सपाट पटाशी मागे-पुढे चालते. गोल पटाशी दगडाच्या आडवी धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत मनगट वळवत घासायची. नवख्यांचं मनगट दोन्ही टोकांशी थांबतं, म्हणून पटाशीचे कोपरे झिजतात आणि मधे फुगवटा येतो. ते दिसलं की तिथेच थांबवून पुन्हा मार्कर लावायला सांगा.

थोड्या वेळाने आतल्या बाजूच्या काठावर धातूची बारीक साल उचलली जाते. बोटाला ती खरखरीत लागते. पूर्ण काठभर ती लागली पाहिजे. मग एका गोल काठीला 1200 नंबरचा वॉटरपेपर गुंडाळून आतून दोन-तीन हात फिरवले की ती साल सुटते. शेवटी लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेल्या चामड्यावर हिरवा पॉलिशचा साबण चोळून पटाशी मागे ओढायची, पुढे ढकलायची नाही. दगड परवडत नसेल तर जाड काचेवर 400, 800, 1200 आणि 2000 नंबरचे वॉटरपेपर क्रमाने लावून हेच काम होतं.

तपासणी केसावर किंवा नखावर करू नका. पांगाऱ्याचा तुकडा घ्या आणि धाग्याला आडवा काप घ्या. काप चकाकला तर धार आली. कापात पांढरी रेघ उमटली तर त्या जागी काठ तुटलेला आहे. तंतू उपटून खड्डे पडले तर पुन्हा दगडाकडे जायचं. एकदा दगडावर तयार झालेली पटाशी पुढे दर पंधरा-वीस मिनिटांनी चामड्यावर ओढत राहिलं की अनेक दिवस दगड लागत नाही. ही सवय ज्या वर्गात लागली तो वर्ग टिकतो.

पहिली कोयरी

तिसऱ्या वर्गापासून उठावाचं काम. विषय कोयरी, कारण तिच्यात उभी, आडवी आणि तिरकी अशा सगळ्या दिशांची वळणं येतात आणि ती प्रत्येकाने साडीवर, रांगोळीत पाहिलेली असते.

शिवणीची 15 सेंटिमीटर लांब-रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड फळी रंधून घ्या. कागदावर कोयरी काढून कार्बनने उतरवा. उतरवताना कोयरीचं वळलेलं टोक लाकडाच्या धाग्याच्या दिशेने ठेवा. टोक आडव्या धाग्यात आलं तर ते शेवटच्या दिवशी हमखास तुटतं. हे आधी सांगितलं नाही तर शिकणाऱ्याची चार दुपारची मेहनत वाया जाते.

रेषेच्या बाहेर दोन मिलिमीटर सोडून व्ही पटाशीने चर काढायचा. वळणावर चराची एक भिंत साफ निघते, दुसरी खडबडीत, कारण एका बाजूला आपण धाग्यासोबत जातो आणि दुसऱ्या बाजूला उलट. साफ भिंत नेहमी कोयरीकडे राहिली पाहिजे. त्यासाठी अर्धी कोयरी एका दिशेने आणि उरलेली अर्धी उलट दिशेने कापावी लागते. फळी फिरवा, क्लॅम्प सोडून पुन्हा आवळा, पण लाकूड उपटत पुढे जाऊ नका. उताराकडे कापलं की लाकूड ऐकतं, चढाकडे कापलं की उपटतं, हे या एका चरात हाताला कळतं.

मग मूळ रेषेवर, त्या वळणाशी जुळणारी पटाशी निवडून, मोगरीने उभे घाव. पटाशीची मूठ किंचित कोयरीकडे कलती ठेवा, म्हणजे धार बाहेरच्या बाजूला उतरते आणि कोयरीचा पाया रुंद आणि मजबूत राहतो. मूठ बाहेर कलली तर धार आत शिरते आणि कडा पोकळ होऊन पुढे झडतात. उभ्या घावानंतर 5 नंबरच्या पटाशीने भोवतालची जमीन, म्हणजे कोयरीबाहेरचा भाग, खाली न्यायची, आणि तीही आधी धाग्याला आडवी. आडवं कापताना लाकूड चिरत जात नाही, खोलीवर ताबा राहतो. एकदम सहा मिलिमीटर उतरायचं नाही. दोन मिलिमीटर उभं, दोन मिलिमीटर जमीन, पुन्हा उभं. काडेपेटीतल्या काडीवर सहा मिलिमीटरची खूण करून ती चरात उभी धरली की खोली कळते. शेवटी 3 नंबरच्या पटाशीने जमीन सारखी करा.

आता कोयरीला गोलाई. इथे मुलं घाबरत घाबरत फक्त कडा मोडतात आणि मधलं पठार तसंच राहतं. कोयरीचा सर्वांत उंच बिंदू पेन्सिलने टिंब देऊन ठरवा, आणि तिथून सगळीकडे उतार नेऊन बाकीची मूळ पृष्ठभागाची त्वचा कुठेही शिल्लक ठेवू नका. खिडकीकडे तिरकं धरून बघा. सावली तुटक पडली तर तिथे खाच आहे. मधला मणी 8 नंबरची पटाशी उभी धरून स्वतःभोवती फिरवली की गोल उमटतो. शिरा व्ही पटाशीने, एका दमात, मोगरीशिवाय.

काचकागद पहिले तीन महिने वर्गात आणूच नये. एक तर त्याच्या भरवशावर कापणं ढिलं पडतं. दुसरं म्हणजे कागदाचे कण लाकडात रुततात आणि त्यानंतर लावलेल्या पटाशीची धार घालवतात. पटाशीचा साफ काप स्वतःच चमकतो.

हात सांभाळण्याचे नियम तोंडी सांगून भागत नाही, ते भिंतीवर लिहावेत. दोन्ही हात धारेच्या मागे. हातात लाकूड धरून कोरायचं झालं तर धरणाऱ्या हातात काप न लागणारा मोजा. पडणारी पटाशी झेलायची नाही, पाय मागे घ्यायचा. पायात बूट. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. घासकाम असेल तेव्हा मास्क लावावा, कारण शिसवाची आणि आंब्याची भुकटी काहींच्या अंगावर पुरळ आणते. दहा वर्षांखालच्या मुलांना आंघोळीच्या साबणाची वडी आणि बोथट चाकू द्या. उंच-सखल, आत-बाहेर हे त्यांना तिथेच समजतं.

वर्गाबाहेर

महिन्यातून एक दिवस बाहेर पडावं. सावंतवाडीच्या चितार आळीत खेळणी घडताना आणि रंगताना बघता येतात. राजवाड्यात गंजिफाची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची, पानं रंगवणारे कारागीर आहेत. कोरल्यानंतर रंग कसा बसतो हे तिथे कळतं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आहेत. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. बाहुलीचा चेहरा लांबून ओळखू यावा म्हणून नाक-डोळे किती मोजक्या घावांत काढले आहेत ते मुलांना मुद्दाम दाखवा. कशेळी-आडिवऱ्याला जाताना वही न्यावी. फोटो काढून माणूस परत येतो, रेखाटायला बसलं की तासभर बघावं लागतं. देवळातल्या जुन्या लाकडाला मात्र हात लावू नये, आणि 'घासून पॉलिश करून देतो' असा प्रस्ताव तर कधीच देऊ नये. जुन्या कारागिराचे घाव एकदा घासले गेले की परत येत नाहीत.

वर्षाचं सामूहिक काम सणाशी जोडलं की गाव मंडळाला आपलं म्हणतो. गणपतीसाठी चौरंग किंवा माटवीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीची, कोरीव चौकट घ्यावी. सिंधुदुर्गात घरोघर माटवी बांधतात आणि तिच्या साध्या पट्ट्यांवर कोयरी, आंब्याचं पान, कमळ हे शिकलेलं सगळं बसवता येतं. प्रत्येकाने एक पट्टी कोरायची आणि सुतारकाकांनी ती जोडायची. काम फेब्रुवारीत कोरून ठेवा, सण जवळ आल्यावर ओल्या हवेत सांधे फुगतात.

तेल, लाख आणि पावसाळा

चमचे-डावांना खाण्याचं तेल चालतं. शोभेच्या कामाला जवसाचं तेल पातळ हाताने, दोन-तीन दिवसांच्या अंतराने लावावं. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ते उन्हात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका. होडीच्या लाकडाला कोकणात उंडीचं तेल लावत आले आहेत. बाहेर राहणाऱ्या कामाला ते करून पाहण्यासारखं आहे, फक्त वास टिकतो.

स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश पावसाच्या दिवसांत करू नये. स्पिरिट उडताना हवेतला ओलावा वर धरला जातो आणि पृष्ठभागावर पांढरट साय येते. कोरडं ऊन असलेल्या सकाळीच हे काम उरकावं.

मे महिन्याच्या शेवटी पटाश्या कोरड्या पुसून, मशीनच्या तेलाचा हात देऊन, प्रत्येक टोकाला कापडाची टोपी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. खाऱ्या हवेत उघड्या पटाशीवर आठवड्यात गंज चढतो. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. अर्धवट राहिलेली कामं जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता माळ्यावर, चुलीचा शेक पोचेल अशा ठिकाणी ठेवावीत. श्रावणात पेटी उघडून सगळ्या पटाश्या एकदा चामड्यावर ओढाव्यात आणि फळीचं वजन पुन्हा त्याच कागदावर मांडावं. पावसात आकडा किती चढला ते पाहूनच दिवाळीनंतर कुठली फळी कुणाला द्यायची ते ठरवता येतं.